हैदराबादचा पहिला, मुंबईचा चौथा

दिगू,

तुझं तेरावं झालं आणि घर रिकामं झालं. पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, मांडवाचं कापड उतरलं, आये पुन्हा घरापुढच्या खळ्यातल्या खुर्चीत जाऊन बसायला लागली. खानावळ मी अजून उघडलेली नाही. फाटकावर 'बंद आहे' असा पुठ्ठा लावलाय, तरी पर्यटक गाडी थांबवून हॉर्न वाजवतात. काल एक बाई पुठ्ठा वाचून, फाटक उघडून आत आल्या आणि निदान सुरमई तरी तळून मिळेल का म्हणाल्या. मी त्यांना काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. तू असतास तर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हसला असतास आणि म्हणाला असतास, आमच्या बायची जीभ आहे तोवर ह्या घरात मिरची विकत आणायला नको.

बसायला आलेला जो तो चहाचा कप हातात घेऊन एकच वाक्य बोलत होता. दिग्याने हैदराबाद सोडायला नको होतं. नात्यातले बोलले, वाडीतले बोलले, ज्यांनी जन्मात घोडा जवळून पाहिला नाही तेही बोलले. मी मान डोलवत होते आणि आतून इतकी चिडत होते, की एकदोघांच्या हातातला कप काढून घ्यावा असं वाटलं. गंमत बघ, हे वाक्य मूळ माझं. गेली दोन वर्षं मी तुला फोनवर, समोर, जेवताना, भांडताना हेच सांगत होते. आता गाव तेच बोलतोय तर मला ऐकवत नाही. माझ्या तोंडी ते वाक्य तुझ्याशी भांडायला होतं, त्यांच्या तोंडी ते तुझ्यावरचा शेरा झालंय.

तू जॉकी झालास ह्यात तुझा किंवा आमचा काही पराक्रम नव्हता. आपल्या घरात घोडा म्हणजे सावंतवाडीहून आणलेला लाकडी, त्याचंही एक चाक तूच मोडलेलं. बाबा होडीवरचे, त्यांना पाण्यापलीकडचं काही कळायचं नाही. पण मामा मुंबईला रेसच्या तबेल्यात सईस होते, घोड्यांची निगा राखायचे. ते चतुर्थीला आले आणि त्यांनी तुला बखोट्याला धरून उचलून पाहिलं, बाजारात कोंबडी उचलून अंदाज घेतात तसं. शाळेत तुला सगळे 'वीतभर' म्हणायचे. मामांना तोच वीतभरपणा सोन्यासारखा वाटला. घेऊन जातो म्हणाले. आये रडली, आणि मी म्हणाले की जाऊ दे, घरात एक ताट कमी लागेल. त्यावर तू माझ्या वेणीला हिसडा दिलास आणि गेलास. आपल्या घरात घर सोडून जायचं काम तू केलंस आणि घर धरून बसायचं मी.

मग हैदराबाद. तिथली तुझी वर्षं आम्ही इथे बसून मिरवली. तू एकामागून एक सीझन पहिला येत होतास. मोठमोठे घोडेवाले आपला घोडा तुझ्याच हाती द्यायला धडपडायचे, आणि तू पाठवलेले फोटो मी खानावळीच्या भिंतीवर ओळीने लावत होते. घोडा, घोड्याशेजारी कोटातला मालक, आणि मधे रंगीत सदऱ्यातला तू, हातात कप. गिऱ्हाईक मासे यायची वाट बघत बसलं की मी हळूच विषय काढायची. हा माझा भाऊ. हैदराबादचा एक नंबर. लोक वळून बघायचे, एखादा विचारायचा की मालवणचा माणूस जॉकी कसा झाला, आणि मग मी मामांची कोंबडीची गोष्ट सांगायची. तुझ्या नावावर मी किती सोलकढ्या फुकट वाढल्या त्याचा हिशेब देव ठेवो.

पण तू घरी यायचास तेव्हा मला वाईट वाटायचं. दुनियेला मी भरभरून वाढायची आणि माझा भाऊ वाटीभर पेज पिऊन उठायचा. तू वजनाच्या काट्याचा नोकर होतास. स्वयंपाकघरात यायचास, एकेका टोपावरचं झाकण उचलायचास, डोळे मिटून वास घ्यायचास आणि झाकण परत ठेवायचास. बांगड्याच्या कढीला तिरफळ कमी पडलंय हे तू नुसत्या वासावर सांगायचास आणि ते बरोबर असायचं. मी चिडून म्हणायची, की खात नाहीस तर खोडी तरी काढू नको. तू म्हणायचास की खोडी काढायला वजन वाढत नाही.

हे सगळं ठीक चाललं होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. आणि दोन वर्षांमागच्या मे महिन्यात तुम्ही नवराबायको आलात, तू आणि सुजाता. मी मागीलदारी मासळी निवडत बसले होते. तू शेजारी उकिडवा बसलास आणि हैदराबाद सोडून मुंबईला जातोय म्हणालास. आयेने आतून ऐकलं आणि तिला आनंदच झाला. आपल्याकडे मुंबई म्हणजे परगाव थोडीच, घराची पुढची पडवी. हैदराबादेहून मुंबईला येणारा मुलगा म्हणजे घराकडे सरकणारा मुलगा, असं तिचं गणित. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी म्हणाले की बरं झालं, निदान सणाला तरी दिसशील.

खरं काय ते मामांनी फोनवर सांगितलं. मामा तेव्हा निवृत्त होऊन कल्याणला लेकीकडे राहत होते. त्यांचा आवाज उतरला होता. ते म्हणाले, की मुंबई-पुण्याची रेस म्हणजे देशातले सगळ्यात तगडे घोडे आणि सगळ्यात तयार जॉकी. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणं, आणि दोन्हीकडे तीच माणसं मुरलेली. तिथे दिग्याच्या हैदराबादच्या कपांना कोणी विचारणार नाही. चांगला घोडा पहिल्यांदा त्यांच्या माणसांना मिळणार, हा उरलेल्यावर बसणार. पहाटे सरावाला असले घोडे याच्या वाट्याला येणार, ज्यांच्यावर बसायला कोणी तयार नसतं. इकडचा राजा तिकडे जाऊन उमेदवारी करणार, असं मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग आपलं भांडण सुरू झालं. ते त्या मागीलदारी सुरू झालं आणि संपलंच नाही. मी विचारलं, कशासाठी? तुला कोणी काढलं? कोणी अपमान केला? तू नाही म्हणालास. तिथे लोक फार चांगले आहेत म्हणालास, तेच तर अवघड आहे म्हणालास. मला काही कळेना. तेव्हा तू खाली बघून, माझ्या हातातल्या सुरीकडे बघत, हळू आवाजात बोललास.

"बाय, सगळ्यात बरो घोडो ते माकाच देतत. गेटात उभो ऱ्हवलंय की माका ठावक असता, कोण कितवो येतलो ता. मी जिंकतंय की घोडो जिंकता, ता माकाच समाजना नाय."

"मगे तेत वायट काय?" मी म्हणाले. "घोडो जिंकलो तरी नाव तुझाच लागता मां?"

तू हसलास, पण ते हसणं माझ्या बोलण्यावरचं नव्हतं. तू म्हणालास, की अजून चार-पाच वर्षं अंग साथ देईल. मग कुठेतरी बसून आयुष्यभर विचार करत राहायचं, की मी खरंच चांगला होतो, की हैदराबादेत माझ्यापेक्षा चांगला कोणी आलाच नाही? मी म्हणाले, असला विचार करायला रिकामा वेळ लागतो, तो पोटभर जेवणाऱ्या माणसाला नसतो. मी तुला माझं उदाहरण दिलं. माझी खानावळ इथे चालते, लोक लांबून येतात. उद्या मला वाटलं, की मी खरंच चांगलं रांधते का ते बघूया, आणि मी मुंबईला एखाद्या मोठ्या हॉटेलाशेजारी चूल मांडली, तर तू मला शहाणी म्हणशील? तू म्हणालास की म्हणेन, आणि पहिलं गिऱ्हाईक मीच येईन. मी म्हणाले, आहे मोठं गिऱ्हाईक, झाकण उघडून वास घेणारं. सुजाता दारात उभी राहून ऐकत होती. ती तुझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही आणि माझ्याही नाही. मला तिचा तेव्हा राग आला. नवऱ्याला आवरणं हे बायकोचं काम, असं मी तिला तोडून बोलले.

जाण्याआधी देवाला नारळ ठेवायचा हे तूच ठरवलंस. आपल्याकडे दूर जाणाऱ्याचं गाऱ्हाणं गावाचा मानकरी, म्हणजे गावकर, घालतो. तो एकेक मागणं देवापुढे मोठ्याने मांडतो आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आपल्या गावकरकाकांना तुझं गाऱ्हाणं हैदराबादच्या वर्षांत पाठ झालं होतं. शेवटी 'सगळ्यांच्या फुडे ठेव' असायचंच, त्याशिवाय त्यांचा श्वास संपायचा नाही. या वेळी तू त्यांना बाजूला घेऊन सांगितलंस की पहिला नंबर मागू नका. काका गोंधळले. मग मागू काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. देवळात येऊन नंबर नको म्हणणारा माणूस त्यांनी कुठे पाहिला असणार. तू समजावलंस, की समोर चांगले घोडे येऊ देत, चांगली माणसं येऊ देत आणि मला त्यांच्याबरोबरीने धावू दे, एवढंच मागा.

काकांनी सुरुवात ठीक केली. "बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्या तुझ्या लेकरान तुझ्याफुडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. लेकरू नव्या मुलखात जाता हा. थंय तेका बरे घोडे दी, तोलामोलाचे गडी दी, तेंच्या वांगडा धावाक बळ दी..." आणि जिभेला वळण पडलेलं, ते पुढे धावलंच. "आणि सगळ्यांच्या फुडे ठेव रे म्हाराजा!" सगळी मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळी झाली. तू तोंडावर हात धरून हसू दाबत होतास. काका घाबरले, कारण देवापुढे टाकलेला शब्द असा उचलून परत घेता येत नाही. शेवटी दुसरा नारळ आणला. काकांनी चुकलंमाकलं पदरात घे म्हणून पुन्हा गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, फुडे नको, बरोबरीन, वांगडाच ठेव. लोक हसत हसत पुन्हा 'व्हय म्हाराजा' म्हणाले. असं दुरुस्तीचं गाऱ्हाणं आपल्या गावात त्याआधी झालं नव्हतं आणि पुढे कोणी करणार नाही.

मी दोन्ही वेळा गप्प होते. आये पुढे उभी होती, तिच्या ध्यानात आलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही. तुझ्या आलं. तुझे कान घोड्याचेच. देवळाच्या पायऱ्या उतरताना तू म्हणालास, की बाय, सगळ्यांचे आवाज आले, तुझा आला नाही.

"माका जा पटना नाय, तेका मी व्हय म्हणूचंय नाय," मी म्हणाले. "देवाफुडे खोटा कित्याक बोलू?"

तू भरभर पुढे चालायला लागलास. मला वाटलं रागावलास. पण घरी पोचेपर्यंत तू शीळ घालत होतास.

पुढची दोन वर्षं आपण ती गोष्ट चघळत राहिलो. रविवारी रेस झाली की संध्याकाळी तुझा फोन यायचा. मी तव्यासमोर उभी असायची, फोन खांद्यात धरून विचारायची, "कितवो?" तू सांगायचास, सातवा. कधी नववा. कधी आज घोडाच मिळाला नाही, नुसता बघत बसलो. आणि वर म्हणायचास, की तुझा एक 'व्हय' कमी पडतोय, बाकी गाऱ्हाणं चोख आहे. मी म्हणायची, की परत हैदराबादेला जा, मग शंभर वेळा म्हणते. हैदराबादवाले तुला बोलवत होते हे मला ठाऊक होतं. तू गेलास म्हणून कोणी तिथे दार लावून घेतलं नव्हतं. भिंतीवर नवा फोटो लागत नव्हता. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, की भाऊ काय म्हणतो, आणि मी विषय बदलून त्यांना आणखी भात घ्यायला लावायची. मला लाज वाटत होती असं नाही रे. तुझ्यासारख्या माणसाला कोणी रांगेत मागे उभं केलंय, हे मला सहन होत नव्हतं.

आता ह्या फेब्रुवारीतलं. मसुऱ्याला अंगणेवाडीच्या जत्रेसाठी तू एका दिवसापुरता आलास. सुजाताला सुट्टी नव्हती. आपण दोघं माझ्या स्कूटरवर निघालो. मी चालवत होते आणि तू मागे, कारण तू म्हणालास की ज्याला चार पाय नाहीत ते मला हाकता येत नाही. गाड्यांच्या रांगेत स्कूटर एकेक पाऊल सरकत होती. तू मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकलीस, लहानपणी टेकायचास तशी, आणि म्हणालास, "बाय, एक गजाल सांगूची आसा. गेल्या आयतवारची." गेल्या रविवारच्या रेसची गोष्ट, म्हणजे मला वाटलं जिंकलास. मी पटकन म्हणाले, "कितवो इलंस?"

"चौथो."

"चौथो काय सांगतंस," मी म्हणाले. तेवढ्यात मसुऱ्याची माझी मैत्रीण बाजूच्या रिक्षातून हाक मारायला लागली आणि मी तिच्याशी बोलत बसले. मग गर्दी लागली, मग दर्शनाची रांग, मग ओळखीच्या लोकांनी तुला घेरलं. एकाने विचारलंच, की काय रे दिग्या, आजकाल पेपरात नाव येत नाही. तू म्हणालास, पेपरवाल्यांना माझ्या नावाचा कंटाळा आला असेल. घरी परतताना मी तुला पुन्हा सुनावलं. पस्तिशी आली, हाडं झिजवून घेतोस, कोणासाठी, हे सगळं. तू ऐकून घेतलंस. गजाल काय होती ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पेज पिऊन गाडीत बसलास.

त्यानंतर तू आलास तो तसा.

सुजाताचा फोन आला तेव्हा मी बंदरावर लिलावात उभी होते. पहाटेच्या सरावाला तू एका कोवळ्या, बिथरणाऱ्या घोड्यावर बसला होतास. त्याच्यावर बसायला दोघांनी नाही म्हटलं होतं. तू हो म्हणालास, कारण त्या ट्रेनरकडे तुला पाय रोवायचा होता. वळणावर घोडा कशाला तरी बुजला आणि तुला घेऊन तोंडावर आपटला. घोड्याला फारसं लागलं नाही. मी सुजाताला पहिल्यांदा तेच विचारलं आणि का विचारलं ते मलाच कळलं नाही. हैदराबादेत असतास तर असल्या घोड्याच्या जवळही तुला कोणी पाठवलं नसतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच सगळे ते वाक्य बोलतात. मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी ते खोटं बोलत नाहीत.

तुला पोचवून आल्यावर आये माझ्याकडे बघून एकदाच बोलली. "तू व्हय म्हणूक नाय गो," एवढंच. रागाने नाही, नुसतं आठवल्यासारखं. म्हणजे तिच्याही ध्यानात आलं होतं, आणि दोन वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं. माझ्या एका गप्प राहण्याने घोडा बुजत नाही, हे मला कळतं. दिवसभर कळतं. कामं संपून हात रिकामे झाले की कळेनासं होतं.

सुजाताने ते ऐकलं होतं. तेराव्यानंतर बाकीचे गेले, ती राहिली. दुपारी मी बंद खानावळीत उगाचच टेबलं पुसत होते, तर ती आली आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन समोर बसली. दोन वर्षांत आम्ही दोघी कामापुरत्याच बोललो होतो. ती म्हणाली, "बाय, तुमचा ता 'व्हय' न म्हणणा, तो सगळ्या तबेल्याक सांगत होतो. आमची बाय देवाक पण खोटा सांगना नाय, म्हणत होतो. कोण तेची तोंडावर स्तुती करूक लागलो की म्हणायचो, माका तुमी सांगू नकात, बायक इचारा."

मी तिला विचारलं, की त्याला वाईट नव्हतं वाटलं? ती म्हणाली, नाही. तुझ्या लेखी हो म्हणणारी माणसं हैदराबादेत पोत्याने होती.

मग तिने फोन काढला आणि मला जत्रेच्या आधीच्या रविवारची रेस दाखवली. मी आजवर तुझ्या फक्त जिंकलेल्या रेसच पाहिल्या होत्या, तूच पाठवायचास त्या. ही मला कोणी पाठवली नव्हती. सुजाता बोटाने दाखवत होती, ही पिवळी टोपी, हा दिगू. तू जवळजवळ शेवटी होतास. वळणावर मला तर तू दिसेनासाच झालास. मग त्या घोळक्यातून ती पिवळी टोपी एकेकाला मागे टाकत, आतल्या बाजूने, एवढ्याशा फटीतून पुढे यायला लागली. मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते, निकाल ठाऊक असूनही. तू चौथा आलास. पुढचे तिघे देशातले नावाजलेले घोडे, आणि तुझी ती घोडी, सुजाता म्हणाली, तिला आधीच्या ट्रेनरने काढून टाकलं होतं.

त्यानंतरचं चित्रण सुजाताने स्वतः कठड्यापलीकडून काढलेलं होतं. तू घोडीवरून उतरलायस, खोगीर काखेत आहे, तोंड मातीने माखलंय, आणि तू सईसाला हातवारे करून काहीतरी सांगतोयस. गर्दीत शब्द ऐकू येत नाहीत. तू हात सपाट करून फट दाखवतोस, मग खांदा तिरका करून त्यातून शिरून दाखवतोस, आणि हसतोस. असा हसतोस की तुझे डोळे दिसत नाहीत. मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. एकेक कप, एकेक हार, आणि प्रत्येकात तू फोटो काढायला उभा केलेल्या माणसासारखा नीट उभा. त्यातल्या एकाही फोटोत तू हसलेला नाहीस, हे मी इतकी वर्षं रोज धूळ पुसूनही पाहिलं नव्हतं.

सुजाता म्हणाली, घरी जाईपर्यंत टॅक्सीत तो हीच रेस सांगत होता. घरी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सांगितली. त्या दिवशी अर्धी चपाती जास्त खाल्ली. आणि म्हणाला, जत्रेला जातोय तेव्हा बायला सांगतो.

दिगू, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तू जायला नको होतंस. हे मी आजही म्हणते आणि ते मातीने माखलेलं तोंड बघूनही म्हणते. तू हैदराबादेत असायला हवा होतास, पहिला, कंटाळलेला आणि जिवंत, आणि मी तुझे तसलेच फोटो भिंतीवर लावत राहिले असते. माझं तेवढ्यावर भागलं असतं. तुझं भागलं नसतं, हे आता मला कळतंय, पण कळलं म्हणून पटलं असं होत नाही. आपलं भांडण आहे तिथेच आहे. फरक एवढाच, की आता तुझी बाजू मांडायला तू नाहीस, आणि मी एकटीच दोन्हीकडून बोलत बसते.

पण त्या स्कूटरवर तू ते सांगायला आला होतास. जिंकला नव्हतास, तरी सांगायला आला होतास, आणि ते आयेला नाही, मामांना नाही, गावातल्या कोणाला नाही, मला. तुला खोटं 'व्हय' नको होतं म्हणून तू माझ्याकडे आलास. ती फट कशी सापडली, खांदा कसा तिरका केलास, घोडी काय म्हणाली, हे सगळं तुझ्या तोंडात तयार होतं. दोन वर्षं दर रविवारी तव्यासमोर उभी राहून मी तुला नंबर विचारला. त्या दिवशीही तोच विचारला. तू कितवा आलास ते मला प्रत्येक वेळी ठाऊक होतं. शर्यत कशी झाली रे, एवढं विचारायचं राहून गेलं.